सेट टॉप बॉक्स: नावापासून ‘नो सिग्नल’पर्यंत

आमच्या वाड्यावर या वस्तूला तीन नावं आहेत. तरुण पोरं नुसतं ‘बॉक्स’ म्हणतात, मावशी ‘डबा’ म्हणते आणि उरलेले सगळे ‘सेटअप बॉक्स’. तिसरं नाव चुकीचं आहे, पण ते का रुळलं हे समजण्यासारखं आहे. माणूस येतो, तारा जोडतो, अर्धा तास रिमोट दाबत बसतो आणि जाताना सांगतो, ‘सेटअप झाला.’ मग तो सेटअपचा बॉक्सच ना!

खरं नाव सेट टॉप बॉक्स. सेट म्हणजे टीव्हीचा संच आणि टॉप म्हणजे त्याचा माथा. टीव्हीला मागे पोट होतं त्या काळात हा माथा चांगला ऐसपैस असायचा. त्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर फुलदाणी आणि फुलदाणीच्या शेजारी हा बॉक्स. आता टीव्ही दोन बोटं जाडीचा झाला, बॉक्स खाली फळीवर आला किंवा भिंतीला लटकला. नाव मात्र माथ्यावरच राहिलं.

तो करतो काय? दोन कामं. पहिलं काम दुभाष्याचं. उपग्रहाकडून किंवा केबलमधून येतो तो आकड्यांचा दाबून बसवलेला प्रवाह. बॉक्स तो उलगडतो आणि टीव्हीला कळेल असं चित्र आणि आवाज पुढे पाठवतो. दुसरं काम राखणदाराचं, आणि राखणदार म्हणजे काय हे गोव्यातल्या माणसाला सांगायला नको. सगळ्या वाहिन्या प्रत्येक घरापर्यंत पोचलेल्याच असतात, फक्त कुलूप लावून. तुम्ही पैसे भरले की कंपनी त्याच प्रवाहातून तुमच्या बॉक्सच्या क्रमांकावर एक निरोप पाठवते, ‘या घराला अमुक वाहिन्या उघड.’ हा निरोप बॉक्स चालू असतानाच मिळतो. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्म्या तक्रारी तंत्रज्ञाला न बोलावता मिटतात. ते कसं, ते शेवटी, चवथीच्या म्हणजे गणेश चतुर्थीच्या भागात येईलच.

पूर्वी केबलची तार थेट टीव्हीत खुपसली की भागायचं. केबलचं डिजिटलीकरण सक्तीचं झालं ते टप्प्याटप्प्यानं. महानगरांचा टप्पा ३१ ऑक्टोबर २०१२ चा, दहा लाखांवर वस्तीच्या शहरांचा ३१ मार्च २०१३ चा. गोव्यात तेवढं मोठं शहरच नसल्यामुळे आपली पाळी नंतरच्या टप्प्यांत आली. शेवटच्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१७ ला संपली आणि बॉक्सशिवाय केबल हा प्रकारच राहिला नाही.

कुठला घ्यायचा

बॉक्स चार तऱ्हेचे. केबलवाल्याचा, डीटीएच (उपग्रहावरून थेट घरी) कंपनीचा, दूरदर्शनच्या फ्री डिशचा आणि इंटरनेटवर चालणारा. चौथ्याला लोक ‘अँड्रॉइड बॉक्स’ म्हणतात. त्याला छत्री, म्हणजे डिश अँटेना, लागत नाही, पण वायफाय बंद पडलं की तो नुसता शोभेचा. साध्या टीव्हीचा स्मार्ट टीव्ही करणं हे त्याचं काम. कोणीतरी ‘सगळ्या वाहिन्या फुकट’ म्हणून विकतो त्याच्या नादी लागू नका.

गोव्यात केबल की डीटीएच, यावर माझं मत सरळ आहे. घरात प्रुडंट किंवा गोवा ३६५ च्या बातम्या लावल्याशिवाय कोणी जेवत नसेल तर आधी केबलचा विचार करा. डीटीएच घ्यायचंच असेल तर पैसे देण्यापूर्वी स्थानिक वाहिन्या यादीत आहेत का ते विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो. डोंगराच्या कुशीतल्या सुट्या घरात, जिथं केबलची तार पोचत नाही तिथं, डीटीएचच बरी. नुसत्या बातम्या, सह्याद्री, जुने सिनेमे आणि कीर्तन एवढंच पाहणाऱ्या दोन म्हाताऱ्या माणसांच्या घरात फ्री डिश पुरते. ती डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावानं सुरू झाली. तिला दरमहा पैसे लागत नाहीत, एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की झालं. दुकानदाराला ‘एमपेग-४ चा बॉक्स दे’ म्हणून सांगा. एमपेग-४ म्हणजे चित्र दाबून बसवायची नवी पद्धत. जुना एमपेग-२ वाला स्वस्तात गळ्यात मारतात आणि त्यावर वाहिन्या कमी दिसतात. काही नव्या टीव्हींच्या आतच उपग्रहाचा ट्यूनर असतो. तो असेल तर फ्री डिशसाठी वेगळा बॉक्सही लागत नाही.

एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीवर चालत नाही. मोबाइलसारखं सिम बदलावं तसं व्हावं, अशी शिफारस ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २०२० मध्ये केली होती. आपल्या घरांत ते अजून आलेलं नाही, म्हणून कंपनी बदलली की जुना डबा माळ्यावर जातो.

छत्री: माड, मीठ आणि चिऱ्याची भिंत

छत्री कुठं बघते? आपल्याकडच्या डीटीएचचे उपग्रह विषुववृत्तावर, गोव्याच्या पूर्वेला उभे आहेत. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. आपण साधारण ७४ वर. म्हणजे गोव्यातून त्या छत्रीचं तोंड आग्नेयेला आणि नजर क्षितिजापासून साठेक अंश वर. इतर कंपन्यांची दिशा थोडी इकडेतिकडे, पण पूर्व आणि दक्षिणेच्या मधलीच. म्हणून छत्री बसवायला माणूस येण्याआधी अंगणात उभे राहा आणि आग्नेयेला वर बघा. माड दिसला तर जागा बदला. आज झावळी आड येत नसेल, पण माड वाढतो, छत्री वाढत नाही. आमच्याकडे दोन वर्षं चित्र स्वच्छ होतं. तिसऱ्या वर्षी वारा सुटला की सिनेमा अडखळू लागला. कारण शोधायला आठ दिवस लागले, झावळ्या तोडायला दहा मिनिटं.

एक गंमत. छत्री दिसते त्यापेक्षा बरीच वर बघत असते. तिचा आकारच असा तिरका कापलेला असतो, म्हणून ती जवळजवळ उभी दिसली तरी ‘ही तर समोरच्या घराकडे बघतेय’ असं म्हणून ढकलायला जाऊ नका.

भिंत कुठली हाही प्रश्न असतो. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीत अँकर बोल्ट नीट धरत नाही. चिरा मऊ आणि सच्छिद्र असतो, दोन पावसाळ्यांत बोल्ट हलू लागतो आणि छत्री बोटभर जरी सरली तरी खेळ संपला. स्लॅब किंवा काँक्रीटची तुळई मिळाली तर तिथंच बसवा. नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे मागा. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत साधे बोल्ट गंजून एकजीव होतात, मग पुढच्या वेळी पाना फिरतच नाही.

आता तार. छत्रीच्या पुढच्या दांड्यावर जो छोटा डोळा असतो तो एलएनबी. तो उपग्रहाच्या लहरी कमी कंप्रतेवर आणून तारेत सोडतो. तिथं तार जोडतात तो पेचाचा कनेक्टर म्हणजे आपल्या हवेचं पहिलं भक्ष्य. आत पाणी गेलं की तांब्यावर हिरवट पूड धरते. जोडल्यावर त्यावर रबरी जलरोधक टेप ताणून गुंडाळायला सांगा, वर टोपी असेल तर ती बसवायला सांगा. साधी काळी इन्सुलेशन टेप उन्हात सुटते. तार खिडकीतून आत घेण्यापूर्वी तिला खाली एक झोका द्या, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाशी गळून पडेल, घरात किंवा बॉक्समध्ये शिरणार नाही. हा झोका देणारा तंत्रज्ञ भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

बॉक्स ते टीव्ही

मागे भोकं बरीच असली तरी कामाची तीन: बाहेरून येणारी तार, वीज आणि टीव्हीकडे जाणारी तार. शेवटची दोन तऱ्हेची. पिवळा-पांढरा-लाल असा तीन रंगांचा जुडगा, यात पिवळ्यातून चित्र आणि पांढऱ्या-लालमधून डावा-उजवा आवाज. किंवा चपटी एचडीएमआय, तिच्यातून चित्र आणि आवाज दोन्ही. टीव्हीला एचडीएमआय असेल तर तीच लावा. एचडीचे जादा पैसे भरून पिवळ्या तारेनं टीव्ही पाहणारी किमान तीन घरं मी पाहिली आहेत. पिवळ्या तारेतून एचडी जातच नाही. एचडीएमआय कुठल्या भोकात खोचली त्याचा आकडा, एक की दोन, टीव्हीच्या मागे डोकावून आताच वाचून ठेवा.

मग बॉक्सच्या मेनूत जाऊन दोन गोष्टी बघा. चित्राचा आकार १६:९ आणि रिझोल्यूशन १०८०. बातम्या देणारी बाई अचानक गुटगुटीत दिसू लागली तर बॉक्सचा दोष नाही, चौकोनी चित्र ओढून रुंद केलंय. आकाराची सेटिंग बदला.

बॉक्सवर काही ठेवू नका. आमच्याकडे त्याच्यावर झाकण म्हणून भरतकामाचा रुमाल असायचा. आत उष्णता तयार होते आणि ती बाजूच्या फटींतून बाहेर जाते. त्या फटी रुमालानं बंद, वर मांजर बसलेलं. तो डबा उन्हाळा काढू शकला नाही.

दोन टीव्ही असतील तर? एका बॉक्समधून तार फोडून दोन टीव्हींना दिली तर दोन्हीकडे एकच वाहिनी दिसते. मालिका आणि फुटबॉल एकाच वेळी हवं असेल तर दोन बॉक्स आणि छत्रीवर दोन तोंडांचा एलएनबी. केबलसाठी मिळणारा स्वस्त स्प्लिटर डीटीएचच्या तारेत घालू नका. बॉक्स त्याच तारेतून एलएनबीला वीज पुरवतो, १३ किंवा १८ व्होल्ट, आणि वाहिनीप्रमाणे ती बदलतो. दोन बॉक्स एकाच एलएनबीला उलटसुलट हुकूम देऊ लागले तर तो कोणाचं ऐकणार?

दोन रिमोटांचा संसार

घरातली निम्मी भांडणं इथली. टीव्हीचा रिमोट टीव्ही चालू करण्यापुरता आणि ‘सोर्स’ निवडण्यापुरता. बाकी सगळं, वाहिनी, आवाज, मेनू, बॉक्सच्या रिमोटनं. लहान मूल टीव्हीच्या रिमोटचं ‘सोर्स’ बटण दाबतं आणि आजीचा फोन येतो, ‘टीव्ही चलना रे!’ उपाय: टीव्हीच्या रिमोटवर त्या बटणाशेजारी नेलपॉलिशचा ठिपका लावा आणि आजीला सांगा, ‘पडदा निळा किंवा काळा झाला की हे दाबून मघाचा एचडीएमआय १ निवड.’ आमच्याकडे लाल ठिपक्यानं जे काम केलं ते कंपनीच्या पुस्तिकेला जमलं नाही.

रिमोट मेला की नाही ते बघायचं असेल तर मोबाइलचा कॅमेरा उघडा, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा, बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश कॅमेऱ्यात जांभळट लुकलुकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात बघा. लुकलुकतंय तर रिमोट ठीक, बॉक्सच्या तोंडासमोर काही आड आलंय.

‘नो सिग्नल’: आधी कोण बोलतंय ते ओळखा

हा भाग सावकाश वाचा. पडद्यावर ‘नो सिग्नल’ आलं म्हणजे काहीतरी बिघडलं एवढंच कळतं, कुठं बिघडलं ते नाही. कारण ही तक्रार दोघं करू शकतात, टीव्ही किंवा बॉक्स.

१. बॉक्सच्या रिमोटवरचं ‘मेनू’ बटण दाबा. बॉक्सचा मेनू पडद्यावर आला तर बॉक्स ते टीव्ही हा रस्ता ठणठणीत आहे. दोष वरच्या बाजूला आहे: तार, छत्री किंवा पाऊस.

२. मेनू आला नाही तर ‘नो सिग्नल’ टीव्ही म्हणतोय. सोर्स तपासा. बॉक्सवरचा दिवा बघा. दिवाच नसेल तर ॲडॅप्टर आणि प्लग बघा. दिवा आहे तर एचडीएमआय दोन्ही टोकांना काढून परत घट्ट बसवा.

३. मेनू येतोय, वाहिनी येत नाही, तर मेनूतच कुठंतरी सिग्नलची पट्टी असते, ‘स्ट्रेंग्थ’ आणि ‘क्वालिटी’. इथं बहुतेक जण फसतात. स्ट्रेंग्थ भरपूर दिसली म्हणजे सगळं ठीक, असं नाही. छत्री भलतीकडे वळली तरी एलएनबीची स्वतःची कुरकुर तारेतून येत राहते आणि स्ट्रेंग्थ दाखवत राहते. खरी मोजायची ती क्वालिटी. स्ट्रेंग्थ आहे आणि क्वालिटी शून्य, तर छत्री हलली आहे किंवा समोर आड आलंय. दोन्ही शून्य, तर तार तुटली, कनेक्टर कुजला किंवा एलएनबी गेला.

४. बाकीच्या वाहिन्या दिसतात, फक्त काही बंद आणि पडद्यावर सबस्क्रिप्शनचा संदेश, तर छत्रीला हात लावू नका. हा राखणदाराचा मामला आहे, रिचार्ज किंवा पॅक बघा.

५. बॉक्स एकदा बटणानं नव्हे, प्लगमधून बंद करा, मिनिटभर थांबा, परत लावा. ऐकायला खुळचट वाटतं, पण अडकलेला बॉक्स यानं सुटतो.

एवढं करून फोन केलात तर तंत्रज्ञाला नुसतं ‘चालत नाही’ न सांगता ‘मेनू येतो, स्ट्रेंग्थ आहे, क्वालिटी शून्य’ असं सांगता येतं. तो योग्य सामान घेऊन येतो आणि भलता एलएनबी तुमच्या माथी मारत नाही.

जुन्या ॲनालॉग टीव्हीत सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या येत, तरी नाटक ऐकू यायचं. डिजिटलमध्ये मधली अवस्था फार थोडी. चित्र स्वच्छ, मग क्षणभर चौकोन, मग काळोख.

पावसाळा

गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डीटीएचच्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर, त्यामुळे जोराच्या सरीतले थेंब त्या गिळतात आणि विखुरतात. आषाढात दुपारी काळोखून आलं आणि चित्र गेलं तर बॉक्सला दोष देऊ नका, चहा घ्या. पाऊस ओसरल्यावर अर्ध्या तासातही आलं नाही तरच वरच्या पायऱ्या सुरू करा. पावसात मंगळुरी कौलांवर चढायचं नाही, कितीही मोठी मॅच असली तरी. शेवाळलेलं कौल कोणालाच धरत नाही. दरवेळी साध्या सरीतही चित्र जात असेल तर मात्र छत्रीची दिशा आधीच थोडी चुकलेली असते. कोरड्या दिवशी क्वालिटी किती आहे ते लिहून ठेवा, म्हणजे फरक कळेल.

विजेचं प्रकरण जास्त गंभीर. मे महिन्याच्या अखेरीस आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये गडगडाट सुरू झाला की प्लग काढाच, पण छत्रीची तारही बॉक्समधून फिरवून काढा. लोक प्लग काढतात आणि निर्धास्त होतात. विजेचा धक्का छतावरच्या छत्रीतूनही तारेनं आत येतो, आणि एचडीएमआयमधून पुढे टीव्हीपर्यंत जातो. डोक्यावर गडगडू लागल्यावर मात्र तारेला हात लावू नका. हे काम ढग दूर असतानाच करायचं.

पाऊस नाही, वारा नाही, ऊन लख्ख आणि तरी चित्र काही मिनिटं जातं असंही वर्षातून दोनदा होतं. मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबर संपता संपता सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याचा गोंगाट सिग्नलला झाकून टाकतो. फ्री डिशच्या उपग्रहासाठी गोव्यात ही वेळ सकाळी अकराच्या आसपासची. काही दिवसांत आपोआप थांबतं.

पैसे

१ फेब्रुवारी २०१९ पासून दरपद्धत बदलली. वाहिनीगणिक किंमत जाहीर, हवी तीच निवडण्याची मुभा आणि त्याशिवाय नेटवर्कचं शुल्क. या शुल्कावर आधी १३० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा होती, ती ट्रायने २०२४ मध्ये काढली, म्हणून आता कंपनीप्रमाणे आकडा वेगळा. वर्षातून एकदा आपल्या पॅकची यादी उघडून बघा. आमच्या पॅकमध्ये घरात कोणालाच न येणाऱ्या तीन भाषांच्या वाहिन्या निघाल्या.

‘तुमचा बॉक्स बंद होणार, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर ठेवून द्या.

बॉक्स रिमोटनं बंद केला तरी वीज खातच असतो. समजा दहा वॉट धरले, तर दिवसरात्र मिळून वर्षाला ८८ युनिटच्या घरात जातात. रात्री भिंतीवरचं बटण बंद करा.

बंद घर आणि चवथ

पेडण्याकडचं मूळ घर वर्षभर कुलपात असतं. चवथीला चार बिऱ्हाडं जमतात, गणपतीच्या वर फळा-पानांची माटोळी बांधून होते आणि मग कोणीतरी टीव्ही लावतं. दरवर्षी तोच गोंधळ: रिचार्ज केला, पैसे गेले, तरी वाहिन्या बंद. कारण राखणदाराला निरोप मिळालेला नाही. बॉक्स वर्षभर झोपला होता. तेव्हा क्रम असा ठेवा. तृतीयेला नव्हे, चार दिवस आधी कोणीतरी घर झाडायला जातंच, त्याच्याकडे हे काम द्या. आधी बॉक्स लावून मेनूत क्वालिटी बघा. ती शून्य असेल तर रिचार्ज करू नका, आधी छत्री. पाखरांनी एलएनबीवर घरटं केलेलं असतं, वेल चढलेली असते. क्वालिटी आली की रिचार्ज करा, बॉक्स एखाद्या वाहिनीवर लावून चालूच ठेवा आणि ॲपमधून किंवा फोन करून ‘रिफ्रेश’ मागा. त्यानंतरही बॉक्स बंद करायचा नाही. कधी पाच मिनिटांत उघडतं, कधी तासभर लागतो. फार दिवस बंद असलेला बॉक्स आधी स्वतःचं सॉफ्टवेअरही बदलून घेतो. पडद्यावर टक्के सरकताना दिसले तर प्लग ओढायचा नाही, नाहीतर बॉक्स कायमचा जाऊ शकतो.

विसर्जन झालं, घर बंद करायची वेळ आली की: रिमोटमधले सेल काढा, नाहीतर पुढच्या वर्षी त्यांचं पाणी होऊन पत्र्या खाल्लेल्या सापडतील. प्लग आणि छत्रीची तार दोन्ही सुटी करा. बॉक्स कोरड्या पिशवीत घालून कपाटात ठेवा, त्या उबदार फटी पाली आणि मुंग्यांना फार आवडतात. आणि ग्राहक क्रमांक, नोंदवलेला मोबाइल कोणाचा, कोरड्या दिवशीची क्वालिटी किती, हे तीन तपशील कागदावर लिहून बॉक्सच्या पोटाला चिकटवा. मोबाइल कोणाच्या नावावर नोंदवलाय हे आमच्याकडे दोन चवथी कोणालाच आठवत नव्हतं. तो दुबईतल्या मामाचा निघाला.